स्क्रॅपबुकच्या पानाला हवा तो भाव येत नाही? नवे कागद आणण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. “आजोबांच्या आठवणींचं पान केलं, पण ते वाढदिवसाचं वाटतंय.” “हरिहर किल्ल्यावर गेलो होतो, धमाल केली होती, पान मात्र श्रद्धांजलीचं झालंय.” “लग्नाचं पान उघडलं की डोळे दुखतात.” फोटो चांगले, कागद महागातला, कापाकापी नेटकी, आणि तरी पानातून जे जाणवायला हवं ते जाणवत नाही. मग पुढचं सगळं ठरलेलं असतं. नाशिकच्या मेन रोडला एक फेरी, आणखी चार कार्डशीट, वॉशी टेपचा (नक्षीदार कागदी चिकटपट्टीचा) एक संच, आणि आठवड्याभराने तेच रडगाणं दुसऱ्या रंगात.

रंग बदलून हा दोष सहसा जात नाही, एवढंच मला सांगायचं आहे. निळ्याच्या जागी हिरवा घेतला, पण तो तितकाच गडद, तितकाच भडक आणि तेवढीच जागा व्यापणारा असेल, तर पानाचा भाव होता तिथेच राहतो. हात घालायचा तो या तीन गोष्टींना: रंग किती उजळ आहे, किती भडक आहे आणि पानाचा किती भाग त्याच्या ताब्यात आहे. खाली नेहमीची दुखणी एकेक करून घेते. तुमचं असेल तिथे थांबा, बाकीचं सोडून दिलं तरी चालेल. फक्त पहिली तपासणी मात्र सगळ्यांनी करायची.

तो तक्ता आधी बाजूला ठेवा

लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे शांतता, पिवळा म्हणजे आनंद, असे तक्ते मोबाइलवर सतत फिरत असतात. पान रचताना त्यांचा उपयोग फार थोडा. एकटा हिरवा घ्या. पोपटी, शेवाळी आणि बाटलीचा गडद हिरवा असे तीन कागद शेजारी ठेवून बघा. पोपटी पान उड्या मारतं, शेवाळी निवांत होतं आणि गडद हिरव्यावर लावलेला फोटो एकदम भारदस्त, थोडा सरकारी वाटायला लागतो. तक्त्यात तिघांना मिळून एकच भाव लिहिलेला असतो.

हे माझंच मत आहे असं नाही. १९९४ साली वाल्देझ आणि मेहराबियन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी रंगांचे नमुने दाखवून लोकांच्या मनावरचा परिणाम तपासला, तेव्हा रंग निळा की लाल यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक यांचाच प्रभाव जास्त ठळक निघाला. 

संस्कृतीने दिलेले अर्थ असतात, ते मी नाकारत नाही. हिरवा चुडा दिसला की आपल्याला लग्न दिसतं, हळदीचा पिवळा दिसला की मांडव दिसतो. पण हा अर्थ चुड्यातून आणि हळदीतून येतो, आणि त्या दोन्ही गोष्टी फोटोत आधीच असतात. तोच रंग मागच्या कागदाने पुन्हा ओरडून सांगायची गरज नसते.

पहिली तपासणी, गोंद लावण्याआधी

सगळं पानावर नुसतं मांडा. चिकटवू नका. वरून सरळ मोबाइलने फोटो काढा आणि एडिटमध्ये जाऊन काळा-पांढरा फिल्टर लावा. रंग गेले, आता फक्त उजेड आणि अंधार उरले. त्यात दोन गोष्टी बघा: चेहरे मागच्या कागदापासून सुटे दिसतात का, आणि पान एकूणात उजळ आहे, गडद आहे की सगळं मधलंच राखाडी?

फसलेली पानं बहुतांशी मधली राखाडी निघतात. आपल्याकडचे चेहरे फोटोत साधारण मध्यम छटेचे येतात, आणि दुकानात आधी हात जातो ते कागदही मध्यमच असतात. राणी रंग आणि मोरपंखी शेजारी ठेवले की डोळ्यांना ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध भासतात, पण राखाडीत दोघांमधला फरक जवळजवळ मिटतो आणि चेहराही त्यांच्यातच बुडून जातो. नजरेला धरायला काही मिळत नाही, म्हणून पान बघणारा पुढचं पान उलटतो.

काळाराम मंदिरासमोर काढलेला घरचा फोटो बहुतेक नाशिककरांकडे असतो, तो घेऊन बघा. मंदिर काळ्या पाषाणाचं, पुढे उभी माणसं उजळ कपड्यांत, म्हणजे फोटोतच जोरदार फरक आहे. हा फोटो काळ्या पानावर थेट लावला तर भिंतीची कड पानात विरते आणि माणसं अधांतरी दिसतात. फोटोभोवती पाव इंचाची बदामी पट्टी सोडली की देऊळ पुन्हा जागेवर येतं. उलट नाशिकरोडच्या मुक्तिधामचा फोटो. पांढरा संगमरवर, दुपारचं ऊन, फोटो जवळपास धुतलेला. पांढऱ्याशुभ्र पानावर तो मळकट वाटतो. मागे निळसर करडा कागद दिला की संगमरवर उजळून निघतो, आणि दुपारची ती सुस्त शांतताही येते.

ढोबळमानाने असं धरून चला. पान उजळ आणि आतले फरक सौम्य असतील, तर ते हळुवार वाटतं. पहाट, बाळ, माहेरची दुपार असले विषय तिथे बसतात. पान गडद आणि फरक मोठे असतील, तर उत्सव, रात्र, नाट्य. आणि पान मध्यम, फरकही सौम्य, तर मरगळ. पावसाळी सहलींची वाट याच तिसऱ्या खान्यात लागते.

“सहल मजेची होती, पान उदास झालं”

अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, पहिने, भावली धरण. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या आसपास अशा ठिकाणी काढलेला कुठलाही फोटो बघा. आभाळ राखाडी, धुकं राखाडी, कातळ ओला काळपट, गवत हिरवं पण ढगांखालचं, म्हणजे दबलेलं. त्यावर आपण “मॅचिंग” म्हणून करडा किंवा धुरकट निळा कागद लावतो. फोटोतली मरगळ आता पानभर पसरते.

यावर लोक जो उपाय करतात तो आणखी वाईट असतो. लाल-पिवळे स्टिकर, चकाकी, छत्र्यांचे कटआउट. पान उदास ते उदासच राहतं, वर स्टिकरची गर्दी होते.

फोटोत एखादी उबदार गोष्ट हमखास असते, ती शोधा. कुणाचा तरी पिवळा रेनकोट, भाजलेलं कणीस, चहाच्या टपरीवरचा बल्ब, लाल पाठपिशवी. तो रंग फोटोतून उचला आणि पानावर फक्त दोन ठिकाणी द्या: एक बारीक पट्टी, एक शीर्षकातलं अक्षर. मागचा कागद करड्याऐवजी फिकट घ्या, किंचित हिरवट छटेचा पांढरा. करड्यात निळा डोकावला की गारठा आणि एकटेपणा जाणवतो. पिवळा किंवा हिरवा डोकावला की तोच करडा ओलसर, जिवंत वाटतो. दुकानात हे दोन करडे वेगळे ओळखायचे तर दोन्ही कागद पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. सुटा कागद हातात धरून ते कळत नाही.

इथे प्रमाणाचं एक गणित सांगते, कारण ६०-३०-१० हा नियम बरेच जण चुकीचा लावतात. साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के साथीचा, दहा टक्के उठावाचा, हा हिशोब मुळात घर सजवणाऱ्यांचा. तो पानाला लावताना फोटो हिशोबात धरलेच जात नाहीत. बारा बाय बारा इंचाचं पान म्हणजे १४४ चौरस इंच. त्यावर चार बाय सहाचे तीन फोटो लावले की ७२ चौरस इंच गेले. अर्धं पान फोटोंनीच रंगवून टाकलेलं असतं. पावसाळी फोटोंचं ते अर्धं पान राखाडी-हिरवं आहे, म्हणजे साठ टक्क्यांतला बहुतेक वाटा तिथेच संपला. कागदाने तीच री ओढायची गरज नाही.

“रंगपंचमीचं पान म्हणजे नुसता गोंधळ”

नाशकात रंग खेळायचा खरा दिवस रंगपंचमी, आणि जुन्या नाशकात त्या दिवशी पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. जमिनीत बांधलेले दगडी हौद, एरवी बुजवलेले. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यात धप्पा मारून, म्हणजे उडी घेऊन, बाहेर आलेली पोरं नखशिखांत एकाच रंगाची असतात, त्यांच्या दातांखेरीज काही पांढरं राहत नाही.

आता याचं पान करायला बसलेला माणूस काय करतो? सात रंगांचा कागद, त्यावर ब्रशने उडवलेले सात रंगांचे शिंतोडे, कडेला सात रंगांची टेप. फोटो त्यात सापडत नाहीत. गंमत म्हणजे एका रंगात बुडून निघणं हा जो त्या जागेचा अनुभव, तोच पानातून गायब.

एक रंग निवडा, तुम्ही ज्या रहाडीत उतरलात तिचा. पान पांढरं किंवा राखेसारखं फिकट करडं ठेवा आणि त्या एकाच रंगाच्या दोन-तीन छटा वापरा: एक फोटोइतकी गडद, एक पातळ केलेली, एक जवळजवळ न दिसणारी. शिंतोडे हवेच असतील तर पानाच्या एकाच कोपऱ्यातून उडवा, म्हणजे पाणी कुठून आलं ते दिसेल. बाकीचे रंग फोटोंत आपसूक आहेत.

२०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे फोटो घेऊन बसलेल्यांचंही हेच होतं. रामकुंडावरची पहाट शांत होती, फोटोंत मात्र भगवा दाटून आलेला, आणि त्याला जोड म्हणून मागे केशरी कागद. भगवा फोटोतच राहू द्या. पान घाटाच्या दगडाच्या आणि पावसाळ्यातल्या गोदावरीच्या गढूळ पाण्याच्या रंगांवर उभं करा. पहाट तिथे मिळते. २०२७ च्या पर्वणीचे फोटो लावतानाही हे कामाला येईल.

“आजोबांचं पान”

हे दुखणं सगळ्यात नाजूक, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

लोक दोन टोकं गाठतात. एक तर पान भरगच्च सजवतात, आणि मग ते साठीशांतीचं निमंत्रण दिसतं. नाहीतर काळा-पांढरा-करडा, कोपऱ्यात पणती, आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता तयार. ज्या माणसाने आयुष्यभर सकाळी विड्याचं पान खाऊन विनोद केले, तो या दोन्हींत सापडत नाही.

पहिली अडचण फोटोंचीच असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत प्रिंट अल्बमच्या अंधारात राहूनही उडतात. त्या काळच्या प्रिंटांत निळसर-हिरवा थर बहुधा सगळ्यात आधी उडतो आणि फोटो लालसर-नारिंगी होतो. असा फोटो पांढऱ्याशुभ्र किंवा हिरवट कागदावर लावला की लाली दुपटीने डोळ्यांत भरते. माणूस तापाने फणफणल्यासारखा दिसतो.

असं का होतं याचं उत्तर पॅरिसच्या एका गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यातून आलं. गोबेलाँ हा तो कारखाना. तिथल्या रंगखात्याचा प्रमुख मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ. त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या कापडात तो फिका पडतो. त्याने तपासलं, तर रंगात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यामुळे काळा बदललेला भासत होता. १८३९ साली त्याने आपले निष्कर्ष छापले: शेजारी बसलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. लालशेजारी ठेवलेली वस्तू थोडी हिरवट भासते, हिरव्याशेजारची थोडी लालसर.

म्हणून लाल पडलेल्या फोटोला त्याच्याहून उबदार शेजारी द्या. तपकिरी, विटकरीकडे झुकणारा पण भडक नसलेला, किंवा साधा खाकी क्राफ्ट पेपर. कागदाची ऊब बघून डोळा फोटोतली लाली माफ करतो. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाच न्याय: ते पिवळट झालेले असतात, शुभ्र कागदावर कळकट दिसतात, मोतिया कागदावर मात्र पन्नास वर्षांचे दिसतात, आणि तेच तर हवं असतं. मूळ फोटो कापायचा नाही, हे सांगायला लागू नये. स्कॅन करून प्रिंट काढा आणि ती लावा.

दुसरी गोष्ट, रंग माणसाच्या वस्तूंतून उचला. कपाट उघडा. खाकी पिशवी, करड्या लोकरीची बंडी, पानाच्या डब्याचं पितळ, काथाचा तांबूस डाग, निळ्या शाईने लिहिलेली हिशोबाची वही. यातले तीन रंग घ्या: पितळेचा पिवळा मळलेला, बंडीचा करडा, शाईचा निळा. घरच्या कुणालाही पान दाखवा, “हे अण्णांचंच” असं रंगांवरूनच म्हणतील. हे तीनही रंग भडक नाहीत हे लक्षात घ्या. वापरलेल्या वस्तू उन्हा-पाण्याने आपोआप निवळलेल्या असतात, त्यामुळे पान सणासुदीचं वाटत नाही. पण ते उबदार आहेत, त्यामुळे सुतकीही वाटत नाही.

एखादा ताजा रंग मात्र ठेवा, अगदी नखाएवढा. वहीतल्या अक्षरांजवळ नातीने काढलेली पोपटी चिमणी असेल तर ती तशीच राहू द्या. तिला तपकिरी करून “थीम” पाळायला जाऊ नका.

“लग्नाचं पान बटबटीत झालं”

येवल्याची पैठणी फोटोत असेल, तर तुमच्या पानावर रंगांचा एक कसलेला जाणकार आधीच काम करून गेला आहे. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की वळणा-वळणावर रंग पालटतो. काठ आणि पदर मुळातच विरोधी रंगाचे. एवढ्या श्रीमंतीवर राणी रंगाचा चमकता कागद आणि सोनेरी फॉइल लावलं की काय होणार? फोटोतलं जरीकाम प्रिंटमध्ये मोहरीसारखं पिवळं येतं, कारण कागदावरच्या शाईला चमक नसते. शेजारी खरं चमकणारं फॉइल आलं की साडीचं जरीकाम खोटं वाटतं. हजारो रुपये मोजून घेतलेली साडी वीस रुपयांच्या कागदापुढे हरते.

सोनेरी कागद वापरूच नका असं नाही, फोटोपासून लांब वापरा. पानाच्या कडेला, बारीक रेघ म्हणून. फोटोला टेकून मॅट कागद असू द्या. आणि रंग साडीच्या अंगातून न घेता पदरावरच्या लहान नक्षीतून घ्या, मोराच्या गळ्यातला किंवा वेलीच्या पानातला. तो रंग साडीला साथ करतो, तिच्याशी स्पर्धा करत नाही.

हळदीच्या पानाची गाठ वेगळी आहे. पिवळा रंग पूर्ण तेजात असतानाच उजळ असतो, जांभळा पूर्ण तेजात असतानाच गडद. म्हणून “पिवळा फार झाला, जरा गडद घेऊ” म्हणून काही साधत नाही, गडद केलेला पिवळा शेवाळकट होतो आणि हळदीचं पान आजारी दिसतं. पिवळा शांत करायचा तर त्याला फिका करत न्यायचं: लिंबू, मग केतकी, मग मोतिया. ठळकपणा हवा असेल तर तो दुसऱ्याकडून मागा. आंब्याच्या डहाळीचा गडद हिरवा थोडासा ठेवलात की पिवळं पान लगेच उभं राहतं.

पाठवणीच्या पानावर हसू आणि रडू दोन्ही हवं असतं, तिथे लोक दोन्हींच्या मधला रंग शोधत बसतात. तसा मधला रंग मिळत नाही. दोन भाव असतील तर पान असमान वाटा. तीन हिस्से मांडवाचे उबदार रंग, एक हिस्सा गाडी निघाल्यानंतरचा गार करडा, आणि दोघांच्या सीमेवर एकच फोटो.

“दुकानात छान दिसत होता, घरी आणला तर वेगळाच”

दोष उजेडाचा आहे. दुकानांत आणि पुष्कळ घरांत ६५०० केल्विनचा पांढरा-निळसर एलईडी असतो, तर हॉलमधला “वॉर्म” दिवा २७०० ते ३००० केल्विनचा. पिवळ्या दिव्याखाली निळे-जांभळे कागद मरगळतात, केशरी-लाल तरतरतात. रात्री जेवणं झाल्यावर त्या दिव्याखाली शांत केलेलं पान सकाळी खिडकीशी गारठलेलं निघतं. शिवाय दोन कागद एका उजेडात अगदी जुळतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी असतात. 

फोटोची प्रिंट सोबत न्या आणि कागद दुकानाच्या दारात, दिवसाउजेडी बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या. पूर्वी साडी घेताना घडी उघडून उन्हात बघायची पद्धत होती, ती अजिबात भाबडी नव्हती. घरी अंतिम मांडणी सकाळी खिडकीजवळ करा, थेट उन्हात नको.

मोबाइलवरचा फोटो बघून कागद निवडणं हेही टाळा. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त परतवतो. प्रिंट बहुतेक वेळा थोडी गडद आणि कमी तजेलदार येते. आधी प्रिंट, मग कागद, हा क्रम उलटा करू नका.

काळ्या पानांची वही

स्पायरल बांधणीची काळ्या पानांची स्क्रॅपबुक सगळीकडे मिळते आणि भेट म्हणून हमखास तीच येते. काळ्यावर प्रत्येक रंग असतो त्याहून उजळ आणि झगमगता भासतो. दिवाळी, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, रात्रीची वरात यांना ती वही उत्तम. काळ्या कपड्यांवर पांढरा हलवा का उठून दिसतो, त्याच कारणाने. पण बाळाच्या पहिल्या आंघोळीचं पान त्यात हळुवार होणं कठीण. तिथे काळं पान पूर्ण झाकणारा फिकट कागद लावा, कडेने जेमतेम दोन-तीन मिलिमीटर काळं राहील एवढाच सोडा. पांढऱ्या जेलपेनची हौस त्या पानापुरती आवरा आणि तपकिरी पेनने लिहा.

बाळाच्याच पानांबद्दल आणखी एक. मुलगी म्हणून गुलाबी, मुलगा म्हणून निळा, असा कागद आणून मग “सगळी पानं सारखी दिसतात” म्हणणाऱ्यांना मी फक्त दुपट्याचा रंग विचारते. आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं असतं. तोच रंग घ्या.

पान आधीच चिकटवून झालं असेल तर

ओढून काढायला जाऊ नका, दुहेरी टेप कागदाचा पापुद्रा घेऊन येते. भडकपणा कमी करायचा असेल तर अर्धपारदर्शक ट्रेसिंग पेपरचा तुकडा मागच्या कागदावर बसवा, फोटोंपुरत्या खिडक्या कापून. खालचा रंग बराच निवळतो, फोटो तसेच राहतात. स्वयंपाकघरातला बटर पेपर त्यासाठी घेऊ नका, बरेचदा त्यावर तेल-पाणी रोखणारा लेप असतो आणि गोंद धरत नाही. ट्रेसिंग पेपरमागे गोंदाचे ठिपके दिसतात, म्हणून गोंद फक्त त्या जागी लावा जिथे वरून पट्टी किंवा शीर्षक येणार आहे.

पान मरगळलेलं असेल तर उलट उपाय. फोटोभोवती शुभ्र किंवा मोतिया पट्ट्या वरून चिकटवा, चेहऱ्याला जवळच्या बाजूने थोड्या रुंद. चमक फार झाली असेल, म्हणजे ग्लिटर फोमशीट वगैरे, तर त्यावर ट्रेसिंग पेपर चालत नाही, खडबडीत पृष्ठावर तो फुगे धरतो. फोम सहसा जाड असतो. कटरचं पातं आडवं धरून त्याचा वरचा थर सोलता येतो, आणि खाली राहणाऱ्या सपाट जागेवर नवा कागद नीट बसतो.